गोधडी, मांजर आणि नागपूरची थंडी

नागपूरचें नांव निघालें कीं परगांवच्या माणसास प्रथम आठवतो तो येथील उन्हाळा. वैशाखांतील ऊन, वाळ्याचे पडदे, दारांत ठेवलेले माठ आणि दुपारीं ओस पडलेले रस्ते यांचींच वर्णनें त्यानें ऐकलेलीं असतात. परंतु ह्याच शहरास थंडीही तितकीच खरी पडते, ही गोष्ट येथें एक-दोन हिंवाळे काढल्यावांचून सहसा पटत नाहीं. समुद्र शेंकडों मैल दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळें दिवसा तापलेली जमीन रात्रीं झपाट्यानें निवते, आणि उत्तरेकडील गार वारा सुटला म्हणजे पारा भराभर खालीं येतो. २०१८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २९ तारखेस नागपुरांत ३.५ अंश सेल्सियस इतकें कमी तपमान नोंदलें गेलें. ज्या शहरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, त्याच शहरांतील गृहिणीला वर्षाचे दोन महिने पांघरुणांची चिंता वाहावी लागते.

ह्या चिंतेचें जुनें उत्तर म्हणजे गोधडी. सीताबर्डी आणि धंतोली यांच्या शेजारीं वसलेल्या रामदासपेठेंत आज रुग्णालयें, औषधांचीं दुकानें आणि उंच इमारती यांची दाटी झालेली आहे; तरी तेथील जुन्या घरांच्या अंगणांत आणि नव्या सदनिकांच्या सज्ज्यांत पौषांतील दुपारीं एक दृश्य अजूनही क्वचित् दृष्टीस पडतें. जेवणें आटोपलेलीं असतात. दक्षिणेकडून कललेलें ऊन सज्ज्यांत शिरलेलें असतें. घरांतील वडीलधारी बाई चटईवर बसून जुन्या पातळांचे चौकोनी तुकडे एकमेकांस जोडीत असते. जवळ सुयांची डबी, दोऱ्याचें रीळ आणि कात्री. आणि नुकत्याच जोडलेल्या तुकड्यांवर, जणूं काय तें काम आपल्याचसाठीं चाललें आहे अशा समजुतीनें, एक मांजर अंगाचें वेटोळें करून निजलेलें. दृश्य अगदीं घरगुती आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळालेली नाहीं. तरीही त्या चटईवर जें कांहीं मांडलेलें असतें, त्यांत एका शहराच्या कापडाचा, व्यापाराचा आणि गृहजीवनाचा दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सांठलेला असतो.

गोधडीला महाराष्ट्रांत दुसरें नांव वाकळ असें आहे. वऱ्हाडांत ‘ळ’चा ‘य’ होत असल्यामुळें तेथील खेडुताच्या तोंडीं तीच ‘वाकय’ होते. उत्तर हिंदुस्थानांत तिला गुदडी म्हणतात, बंगालांत कांथा, बिहारांत सुजनी, सिंध-कच्छाकडे रल्ली, आणि कर्नाटकांत कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ व यल्लापूर ह्या भागांत राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या स्त्रिया जी कवंडी शिवतात, तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचें त्रिकोणी ‘फूल’ बसविल्याखेरीज ती पुरी झाली असें मानीत नाहींत. नांवें निराळीं, परंतु वस्तु एकच : अंगावर वापरून विरलेल्या कापडाचे थर एकमेकांवर घालून, ते टांक्यांनीं एकजीव करून तयार केलेलें नवें वस्त्र. रजई किंवा गादी ही वस्तु वेगळी. तिच्यांत पिंजाऱ्यानें धनुकलीवर पिंजलेला नवा कापूस भरावा लागतो, आणि त्यासाठीं रोख पैसे मोजावे लागतात. गोधडीला पैका लागत नाहीं. लागतात त्या चिंध्या, दोरा आणि वेळ. म्हणूनच कापसाच्या भर मुलुखांत, जेथें दिवाळीनंतर गाड्याच्या गाड्या कापूस बाजारास जातो, तेथेंही शेतकऱ्याच्या घरीं पांघरूण असतें तें बहुधा गोधडीचें. कापूस विकावयाचा आणि चिंध्या पांघरावयाच्या, असा हा हिशेब आहे.

जुन्या पद्धतीची गोधडी जमिनीवर घडते. प्रथम लुगडीं, धोतरें, पंचे स्वच्छ धुवून वाळवितात व त्यांच्या शिवणी उसवून घेतात. एक टिकाऊ लुगडें अस्तरासाठीं खालीं पसरतात; त्यावर विरलेल्या कापडांचे थर सुरकुती पडूं न देतां अंथरतात; आणि सर्वांत वर रंगीत तुकड्यांची मांडणी येते. कडा आंत दुमडून कच्चे टांके घातले म्हणजे मग खरा धांवदोरा सुरू होतो. तो बहुधा कडेपासून आरंभून, चौकोनाच्या आंत चौकोन घेत, मध्याकडे सरकतो. चार बाजूंनीं चार बायका बसल्या तर काम लवकर उरकतें, आणि गांवच्या गोष्टीही उरकतात. दोन ओळींमधील कापड दोऱ्याच्या ओढीनें किंचित् वर उचललें जातें, आणि त्या लहान लहान फुगवट्यांत हवा कोंडून राहते. पांघरुणाची ऊब जितकी कापडाची, त्याहून अधिक ह्या कोंडलेल्या हवेची असते. कारण स्थिर हवेंतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. हें तत्त्व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत येण्यापूर्वीं कित्येक शतकें बायकांच्या बोटांस ठाऊक होतें.

ह्या कामांत श्रम किती, याचा सहसा कोणी हिशेब करीत नाहीं. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी एक साधी गोधडी घेतली, आणि तिच्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या अंतरानें लांबीला धरून धांवदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर एकंदर ९६ ओळी होतात व त्यांची लांबी ५७६ फूट भरते. एका इंचांत चार टांके धरले, तर टांक्यांची संख्या सत्तावीस हजारांच्या वर जाते. घरांतील सर्व कामें उरकून उरलेल्या दुपारींच हें काम व्हावयाचें. एका गोधडीला एक हिंवाळा पुरला तर तो वेग चांगलाच म्हणावयाचा.

तुकड्यांच्या वस्त्राची परंपरा ह्या देशांत फार प्राचीन आहे, आणि तिचा आरंभीचा संबंध गरिबीपेक्षां वैराग्याशीं अधिक आहे. बौद्धांच्या विनयपिटकांत अशी कथा आहे कीं, दक्षिणागिरीकडे जातांना भगवान् बुद्धांनीं मगध देशांतील बांधाबांधांनीं आंखलेलीं शेतें पाहिलीं, आणि त्या आकृतीप्रमाणें भिक्षूंचीं चीवरें शिवतां येतील काय असें आनंदास विचारलें. आनंदानें त्याप्रमाणें तुकडे कापून व जोडून चीवर सिद्ध केलें. कापडाचे तुकडे केल्यानें त्याची बाजारांतील किंमत नाहींशी होते, चोराला त्याचा लोभ राहत नाहीं, आणि नेसणाऱ्याला अभिमान राहत नाहीं, असा त्या योजनेंतील हेतु होता. रामदासपेठेपासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवर १९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेव्हांपासून चीवर धारण केलेले भिक्षु हें दृश्य नागपूरकरांस परिचयाचें झालें आहे. त्या चीवरावरील शिवणींच्या रेषा म्हणजे मगधांतील शेतांचे बांध होत, हें मात्र थोड्यांच्याच लक्षांत येतें.

बुद्धानंतर नाथपंथी जोग्यांनीं कंथा अंगावर घेतली, आणि महाराष्ट्रांत ती वाकळ होऊन संतांच्या कथांत शिरली. जनाबाईच्या चरित्रांतील प्रसंग सर्वश्रुत आहे. पंढरीचा देव रात्रीं जनीच्या घरीं आला, तिच्याबरोबर दळूं लागला, आणि काकड आरतीची वेळ झाली तेव्हां घाईघाईंत आपला शेला तेथेंच टाकून जनीची वाकळ पांघरून राउळांत जाऊन उभा राहिला. पुढें देवाच्या अलंकाराची चोरी जनीवर आली, आणि तींतून ती सुटली. महिपतीच्या ‘भक्तविजया’नें, म्हणजे १७६२ सालीं पूर्ण झालेल्या ग्रंथानें, संतांच्या अशा कथा घरोघरीं नेल्या. दासीची ठिगळांची वाकळ ही देवाच्या अंगावर शोभली, एवढें एक वाक्य ज्या समाजानें श्रद्धेनें जपलें, त्या समाजांत गोधडीकडे केवळ दारिद्र्याची खूण म्हणून कोणी पाहत नव्हतें. विदर्भांत तर ही परंपरा अगदीं अलीकडच्या काळापर्यंत डोळ्यांसमोर होती. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले आणि १९५६ सालीं दिवंगत झालेले गाडगे महाराज आयुष्यभर चिंध्यांचें वस्त्र पांघरून, हातांत खराटा व गाडगें घेऊन हिंडले. कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. त्यांनीं धर्मशाळा उभारल्या, गांवें झाडून स्वच्छ केलीं, आणि अंगावरची गोधडी मात्र बदलली नाहीं.

इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक वस्तु असूनही जुन्या गोधड्या आज पाहावयास मिळत नाहींत. याचें कारण तिच्या स्वभावांतच आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, ज्याला शहर १८६३ सालापासून ‘अजब बंगला’ म्हणून ओळखतें, ताम्रपट आहेत, नाणीं आहेत, शस्त्रें आहेत. ताम्रपट पेटींत ठेवून जपला जातो. गोधडी वापरून संपविली जाते. नवें लुगडें सणासुदीला नेसावयाचें. जुनें झालें कीं घरीं नेसावयाचें. विरलें कीं गोधडींत घालावयाचें. गोधडी फाटली कीं ती बैठकीखालीं जाते, तेथून तिचें पोतेरें होतें, आणि शेवटीं पोतेऱ्याची राख होते. ह्या साखळींत जपून ठेवण्यास कोठें जागाच नाहीं. बंगालांत गुरुसदय दत्त यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या कांथा गोळा केल्या, आणि स्टेला क्रामरिश ह्या विदुषीनें १९३९ सालीं कांथेवर सविस्तर निबंध लिहिला. त्यामुळें तेथील कांहीं नमुने वांचले. महाराष्ट्रांतील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचें स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झालें तें २०१३ सालीं. मधल्या पाऊणशें वर्षांत किती गोधड्यांचीं पोतेरीं झालीं, याची गणती कोण करणार?

म्हणून गोधडीचा इतिहास गोधडींत शोधण्यापेक्षां तिच्या कापडांत शोधणें अधिक सोपें पडतें. नागपुरांतील कोष्टी लोक रेशीमकांठी लुगडीं व धोतरजोडे विणण्याविषयीं प्रसिद्ध होते. उमरेड, पवनी, भंडारा येथील विणकरांचाही लौकिक होता. भोसल्यांचा दरबार हा त्यांचा मोठा आश्रय. १८५३ सालीं तिसऱ्या रघूजीचा मृत्यु झाला, राज्य खालसा झालें, आणि तो आश्रय तुटला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. तिनें येथील कापूस बाहेर नेला आणि विलायती कापड आंत आणलें. त्यानंतर दहाच वर्षांनीं, १८७७ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस, ज्या दिवशीं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशीं, जमशेटजी टाटा यांची कापडगिरणी येथें सुरू झाली व तिला ‘एम्प्रेस मिल’ असें नांव मिळालें. कापूस उत्पन्न होतो तेथेंच गिरणी असावी, ही टाटांची दूरदृष्टि. आणि बेझनजी मेहता यांच्या कुशल व्यवस्थेनें ती फळास आली.

गिरणीचें कापड स्वस्त झालें, आणि त्याचा परिणाम गोधडीवर झाल्याखेरीज राहिला नाहीं. हातमागाचें महागडें लुगडें चिंधी होईपर्यंत नेसलें जात असे. गिरणीचें पातळ त्या मानानें लवकर बाजूला पडूं लागलें. शिंप्याच्या दुकानांतून चिटाचे, मांजरपाटाचे, छापील कापडाचे तुकडे मिळूं लागले. जुन्या गोधडीचे रंग म्हणजे लुगड्यांचे रंग : गडद तांबडा, हिरवा, जांभळा, काळा. नव्या गोधडींत फुलें, ठिपके, चौकड्या आणि पट्टे आले. एखादी जुनी गोधडी उसवली, तर खालच्या थरांत हातमागाचें जाडसर सूत आणि वरच्या थरांत गिरणीचें बारीक सूत आढळावें, ह्यांत नवल नाहीं. एका गोधडीवर दुसरी गोधडी चढविण्याची रीत असल्यामुळें कापडाचीं युगें तेथें भूगर्भांतील थरांप्रमाणें एकावर एक बसलेलीं असतात.

सुटे सुटे चौकोन मांडीवर शिवून, ते पुढें एकत्र जोडण्याची जी पद्धत आज शहरांतील घरांत रूढ होत आहे, ती मात्र पश्चिमेकडून आलेली आहे. आणि गंमत अशी कीं तिच्या मुळाशींही हिंदुस्थानचेंच कापड सांपडतें. सतराव्या शतकांत येथील छापील व रंगविलेल्या चिटांनीं युरोपला वेड लावलें. तेथील विणकर हवालदिल झाले. फ्रान्सनें १६८६ सालीं ह्या कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनें १७०० आणि १७२१ सालीं कायदे करून हिंदुस्थानी चिटांचा मार्ग रोखला. मिळेनासें झालेलें कापड अधिकच मौल्यवान् झालें, आणि त्याचा बोटभर तुकडाही फेंकून देणें जिवावर येऊं लागलें. इंग्लंडांत साल शिवलेली जी सर्वांत जुनी ठिगळकामाची चादर ज्ञात आहे, ती १७१८ सालची आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत चौकोनाचौकोनांनीं काम करण्याची रीत सर्वत्र पसरली. तेथील लहान घरांत मोठी चादर पसरून बसण्यास जागा नव्हती. चौकोन मात्र मांडीवर मावत असे. आज रामदासपेठेंतील सदनिकेंत राहणाऱ्या बाईपुढें तीच अडचण उभी आहे. वाड्याचें अंगण नाहीं, चार बाजूंनीं बसणाऱ्या चार जावा नाहींत. आहे तो एक सज्जा आणि एक चटई. अमेरिकेंतील उपाय येथें उपयोगी पडतो, याचें कारण दोन्हीकडील अडचण सारखी आहे.

शिवणाचें यंत्र आल्यावर हातशिवण बंद पडावयास हवी होती. एलायस हौ याचें पेटंट १८४६ सालचें, सिंगरचें १८५१ चें. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच सिंगर यंत्रांची खटखट हिंदुस्थानांतील शिंप्यांच्या ओट्यांवर ऐकूं येऊं लागली. १९२४ सालीं यंत्रांविषयीं झालेल्या एका संभाषणांत महात्मा गांधींनीं आपल्या यंत्रविरोधास जो अपवाद सांगितला तो ह्याच यंत्राचा होता. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून प्रेमापोटीं तें निर्माण झालें अशी त्यांची भावना होती. परंतु गोधडीनें हें यंत्र पूर्णपणें कधींच स्वीकारलें नाहीं. सात-आठ थर साध्या यंत्राच्या दाबपट्टीखालीं नीट सरकत नाहींत. यंत्राचा टांका दोन्ही बाजूंनीं घट्ट आवळला जातो, आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हातचा धांवदोरा सैल राहतो, अंगाबरोबर वळतो; धुण्यांत एखादा तुटला तरी शेजारचे टिकून राहतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कापडाची टंचाई झाली, १९४३ सालीं कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रण आलें, आणि सुशिक्षित घरांतही ठिगळ लावलेलें वस्त्र निःसंकोचपणें वापरलें जाऊं लागलें. त्या वर्षांत गोधडीला पुन्हां प्रतिष्ठा आली. तिच्या मुळावर घाव पडला तो स्वस्ताईच्या काळांत. १९६० नंतर टेरिलीन व तत्सम कृत्रिम धाग्यांचीं वस्त्रें घरोघर शिरलीं. तीं विरत नाहींत, घाम टिपीत नाहींत, आणि त्यांचे थर एकमेकांवरून निसटतात. गोधडीच्या दृष्टीनें तीं कापडेंच नव्हेत. त्याच सुमारास दारावर बोहारीण येऊं लागली, ती स्टेनलेस स्टीलचीं चकचकीत भांडीं घेऊन. चार जुनीं पातळें दिलीं कीं एक पातेलें मिळे. आजीच्या लुगड्यांची गोधडी व्हावयाची तीं अशा रीतीनें डबे आणि वाट्या होऊन फडताळांत जाऊन बसलीं. बाजारांत लोकरी व कृत्रिम लोकरीच्या चादरी स्वस्तांत मिळूं लागल्या. आणि जिच्या कापडानें नागपूरच्या कित्येक पिढ्यांच्या गोधड्या भरल्या, ती एम्प्रेस मिलही आजारी पडून २००२ सालीं कायमची बंद झाली.

आतां राहिलें तें मांजर. गोधडीच्या इतिहासांत त्याला स्थान आहे, आणि तें केवळ शोभेचें नाहीं. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाशेजारीं मांजर पुरलेलें आढळलें. हें संशोधन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. धान्याच्या कोठारांत उंदीर आले, उंदरांमागोमाग मांजर आलें, आणि मनुष्यानें त्यास राहूं दिलें, असा ह्या मैत्रीचा उगम विद्वान् सांगतात. परंतु उंदीर केवळ धान्यच खातो असें नाहीं. उन्हाळ्यांत माळ्यावर बांधून ठेवलेलीं पांघरुणें कुरतडून त्यांत पिलें घालणें हा त्याचा आवडता उद्योग. एका रात्रींत त्यानें एका हिंवाळ्याचे श्रम धुळीस मिळवावे, अशी घरोघरची तक्रार असे. गोधडीवर निजणारें मांजर हें अशा रीतीनें गोधडीचें राखणदारही होतें.

संस्कृतांतील ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’, म्हणजे स्वच्छ करणें, ह्या धातूपासून आला. आपलें अंग सतत चाटून साफ ठेवणारा प्राणी तो मार्जार. ह्या स्वच्छतेमुळेंच त्याला अंथरुणाजवळ थारा मिळाला असावा. बाळंतघराशीं तर त्याचें नातें देवतेच्या द्वारें जुळलेलें आहे. मुलांचें रक्षण करणारी जी षष्ठी, तिचें वाहन बंगालांत मांजर मानलें जातें. महाराष्ट्रांत हीच देवता सटवाई होऊन पांचव्या-सहाव्या रात्रीं बाळाच्या कपाळीं भविष्य लिहावयास येते. त्या बाळाच्या अंगाखालीं असतें तें आजीच्या मऊ लुगड्याचें दुपटें, कारण शेंकडों वेळां धुतलेल्या सुतासारखें मऊ कापड कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. मांजर मारल्यास सोन्याचें मांजर करून काशीला दान द्यावें लागतें, ही समजूत आजही वृद्धांच्या तोंडून ऐकूं येते. उपद्रवी असूनही पवित्र, असें स्थान घरांतील दुसऱ्या कोणत्या प्राण्यास मिळालें नाहीं.

मांजर नेमकें शिवणाऱ्या हातांखालींच कां येऊन बसतें, ह्याचें उत्तर शरीरशास्त्रांत आहे. त्याच्या अंगाचें तपमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतें, आणि भोंवतालची हवा ३० ते ३८ अंश असेल तरच आपली ऊब टिकविण्यासाठीं त्याला निराळे श्रम पडत नाहींत. नागपूरच्या पौषांत अशी जागा म्हणजे उन्हांतील थरांवर थर घातलेलें कापड, आणि त्याशेजारीं बसलेली माणसाची मांडी. कापड पायांनीं मळीत बसण्याची त्याची लकब पिलूपणांतील आहे. आईच्या दुधासाठीं तें तसेंच करी.

परंतु ह्या सहवासांत एक खरा धोका आहे, आणि तो हौशी शिवणारणीस नेहमींच ठाऊक असतो असें नाहीं. मांजराच्या जिभेवर मागें वळलेले बारीक कांटे असतात. खेळतां खेळतां दोऱ्याचें टोंक जिभेवर आलें, कीं तें बाहेर टाकणें त्याला कठीण जातें; दोरा आंत आंत ओढला जातो, आणि त्याला सुई ओवलेली असेल तर सुईसुद्धां. असा दोरा कधीं जिभेच्या मुळाशीं अडकतो आणि त्याचा दुसरा भाग आंतड्यांत जातो. आंतडीं त्यावर चुण्या पडल्याप्रमाणें गोळा होतात, दोरा त्यांना कापूं लागतो, आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास मांजर दगावतें. धांवदोरा ओढल्यावर कापडाला जशा चुण्या पडतात, तसाच हा प्रकार. अशा वेळीं तोंडांतून किंवा मागच्या बाजूनें लोंबणारा दोरा हातानें कधींही ओढूं नये. मांजरास तात्काळ पशुवैद्याकडे न्यावें. नागपुरांत १९५८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि शहरांत पशुवैद्यांची वाण नाहीं. काम आटोपल्यावर सुया मोजून डबींत ठेवाव्यात, ही जुन्या बायकांची शिस्त रांगत्या मुलासाठीं होती. ती मांजरासाठींही तितकीच योग्य आहे.

गोधडी टिकवावयाची म्हणजे ती पेटींत बंद करून ठेवावयाची, असा त्याचा अर्थ नव्हे. वापरली जाणें हाच तिचा धर्म आहे. परंतु तिच्यांतील एक गोष्ट वापरानें झिजण्यापूर्वींच नाहींशी होते, ती म्हणजे तिची ओळख. हा जांभळा तुकडा कोणाच्या बाळंतविड्यांतला, हा कांठ कोणाच्या लग्नांतल्या लुगड्याचा, हा पट्टा कोणाच्या कोटाचा, हें शिवणारीला ठाऊक असतें, तिच्या मुलीला थोडेंबहुत आठवतें, आणि नातीच्या हातीं उरतें तें केवळ पांघरूण. दोन पिढ्यांत एका कुटुंबाची बखर मुकी होते. इंग्लंडांतील त्या चादरीचा काळ निश्चित सांगतां येतो, कारण कोणीतरी १७१८ हे चार आंकडे तिच्यावर शिवून ठेवले. तेवढें काम कोणत्याही घरांत होण्यासारखें आहे. अस्तराच्या एका कोपऱ्यांत शिवणारीचें नांव, गांव आणि साल टांक्यांनीं घातलें, तर सत्तावीस हजार टांक्यांत फार तर शेंदोनशें टांक्यांची भर पडेल.

चार वाजले म्हणजे रामदासपेठेंतील त्या सज्ज्यांतून ऊन निघून जातें. मग मांजर आपण होऊन उठतें, पाठीची कमान करतें, आणि उन्हामागोमाग भिंतीवर चढतें. त्याखालीं दडलेला चौकोन तेव्हां कोठें हातीं येतो. बाई त्यावरचे केंस झटकते, तो इतर चौकोनांवर ठेवते, आणि सुया मोजते.